कोनी आयलंड मिशिगनमध्ये, मिशिगन न्यू यॉर्कमध्ये: हॉट डॉगवरच्या खिम्याचं मूळ गाव कुठलं?

नोव्हीचा_नवखा

मंडळी, नमस्कार. मिशिगनला येऊन मला आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, "कोनी खाल्लास का?" कोनी हा सशासाठीचा जुना इंग्रजी शब्द, एवढं मला कुठूनतरी ठाऊक होतं. मी घाबरत घाबरत "अजून नाही" म्हणालो. मग कळलं की कोनी म्हणजे हॉट डॉग. त्यावर पातळसर खिमा, पिवळ्या मस्टर्डची रेघ आणि मूठभर कच्चा चिरलेला कांदा. आणि कोनी आयलंड हे इथे बेट नाही, हॉटेल आहे. घरापासून दहा मिनिटांत अशी चार आहेत. मालक चार, पाट्या चार, नाव मात्र कोनी आयलंडच. मेन्यूत हॉट डॉगच्या शेजारी ग्रीक सॅलड आणि लिंबू पिळलेलं भाताचं सूप.

इथवर ठीक होतं. सप्टेंबरात न्यू जर्सीला मावसभावाकडे गेलो. तो पॅटरसनला घेऊन गेला आणि म्हणाला, "आमच्याकडचं टेक्सास वीनर खा." समोर आलं ते काय, तर हॉट डॉग, मस्टर्ड, कांदा, खिम्याचा सॉस. फक्त हॉट डॉग तेलात तळलेला. तिथून आम्ही गाडीने माँट्रियलला निघालो. वाटेत प्लॅट्सबर्गला पाटी दिसली: "मिशिगन". मी काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, मी मिशिगनचाच आहे. त्यांना काडीचं कौतुक वाटलं नाही. उलट विचारलं, "विथ, विदाउट की बरीड?" मी आपलं बरीड म्हणालो. कांदा खिम्याखाली पुरलेला निघाला.

म्हणजे टेक्सास न्यू जर्सीत, मिशिगन न्यू यॉर्क राज्यात आणि ब्रुकलिनचं कोनी आयलंड मिशिगनात. हा काय गोंधळ आहे? हे अमेरिकन खाणं म्हणायचं की ग्रीक? की साधा चिली डॉगच वेगवेगळ्या टोप्या घालून फिरतोय?

ब्रुकलिनचा_बंड्या

सोपं आहे की. मूळ आमच्या ब्रुकलिनचं. चार्ल्स फेल्टमन नावाचा जर्मन बेकरीवाला एकोणिसाव्या शतकातच कोनी आयलंडला पावात सॉसेज घालून विकत होता. पुढे १९१६ साली नेथन हँडवर्करने सर्फ आणि स्टिलवेल अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर दुकान थाटलं. फेल्टमनचा हॉट डॉग दहा सेंटला, तर याचा पाच सेंटला. बाकी सगळ्या नकला. विषय संपला.

रात्रपाळी

बंड्या, विषय संपवायची एवढी घाई कशाला? फेल्टमन आणि नेथनचं तू बरोबर सांगितलंस. पण त्या हॉट डॉगवर खिमा कुठे होता? प्रश्न खिम्याचा आहे, आणि तो खिमा ब्रुकलिनचा नाही.

नवख्या, तुला अरेतुरे करते, वयाचा अधिकार. मी १९९४ साली मिशिगनातल्या फ्लिंटला आले, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रात्रपाळीवर लागले आणि निवृत्त होईपर्यंत रात्रीच काम केलं. पहाटे तीन वाजता या गावात गरम असं एकच काही मिळायचं. त्यामुळे जे सांगते ते काउंटरवर कोपर टेकून शिकलेलं आहे.

आधी तो खिमा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीस आणि मॅसेडोनियातून खूप पोरं अमेरिकेत आली. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनी तिकडचं जगणं आणखी अवघड केलं, तेव्हा तर लोंढाच लागला. एलिस आयलंडला उतरायचं, न्यू यॉर्कमध्ये थोडं थांबायचं, मग जिथे काम असेल तिकडची गाडी धरायची. इंग्रजी येत नाही, हाती भांडवल नाही. पावातलं सॉसेज विकायला दोन्ही फारसं लागत नाही. पण सॉसेज सगळेच विकत होते. या पोरांनी त्यावर घरच्यासारखा मसाल्याचा खिमा ओतला. ग्रीक लोक मॅकरोनीवर घालतात त्या खिम्याच्या सॉसला "साल्त्सा मे किमा" म्हणतात. त्यातला "किमा" ओळखलास ना? तुर्कीत "कियमा" म्हणजे बारीक केलेलं मांस. तोच शब्द एका बाजूला ग्रीकांकडे गेला आणि दुसऱ्या बाजूने फिरत फिरत आपल्याकडे येऊन खिमा झाला. मला हे कळलं तेव्हा मी काउंटरमागच्या म्हाताऱ्याला सांगितलं. त्याला विश्वास बसेना. त्याने आत जाऊन बायकोला बोलावलं, तिच्यासमोर मला तीनदा "खिमा" म्हणायला लावलं आणि त्या रात्री पैसे घेतले नाहीत.

आता नाव. त्या काळी गावोगावच्या माणसाला हॉट डॉग म्हटला की कोनी आयलंडची जत्रा, पाळणे, समुद्र हे आठवायचं. मग पाटीवर तेच लिहिलं. स्वतःच्या गावाचं नाव, ग्रीसचं नाव, आपलं आडनाव, यातलं काहीच खपणारं नव्हतं. मिशिगनातल्याच जॅक्सनला जॉर्ज टोडोरॉफने १९१४ साली कोनी आयलंड काढलं, इंडियानात फोर्ट वेनचंही १९१४ चंच. डेट्रॉइटला कॉन्स्टंटाइन ऊर्फ गस्ट केरोसचं "अमेरिकन कोनी आयलंड" १९१७ चं साल सांगतं, आणि त्याचा भाऊ विल्यम याने भिंतीला भिंत लावून "लाफायेट" काढलं. पहिला कोण यावरून जॅक्सन आणि डेट्रॉइट अजून भांडतात. मी फ्लिंटची, मला दोघांचंही काही पडलेलं नाही.

तुझ्या गोंधळाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. ज्याने त्याने दुसऱ्या गावाचं नाव लावलं. मिशिगनवाल्यांनी कोनी आयलंड. न्यू जर्सीत ग्रीकांनी टेक्सास, कारण तिखट म्हटलं की लोकांच्या मनात टेक्सासच. प्लॅट्सबर्गचे लोक सांगतात की १९२० च्या दशकात ओटिस नावाच्या बाई मिशिगनहून सॉसची कृती घेऊन तिकडे गेल्या, म्हणून तिथे मिशिगन. लांबून आलेली वस्तू भारी वाटते, एवढाच हिशेब. आणि गंमत अशी की मिशिगनात "एक मिशिगन द्या" म्हणालास तर समोरचा नकाशा आणून देईल.

आता फ्लिंट. डेट्रॉइटचा सॉस ओला असतो, खरं तर रस्साच. पाव त्यात भिजतो, बोटं भिजतात. फ्लिंटचा कोरडा. हॉट डॉगवर भुरभुरून ठेवल्यासारखा, कणी सुटी. १९२४ साली सिमियन ब्रायन या मॅसेडोनियनाने तो आणला. हा कोरडेपणा कुठून येतो? बैलाच्या हृदयातून. हो, फ्लिंटच्या सॉसमध्ये मुख्य मांस हृदयाचं असतं. मला पहिल्या रात्री हे कळलं तेव्हा लॅबमधल्या मैत्रिणीला वाटलं मी खाणं टाकून उठणार. पण मी दिवसभर (म्हणजे रात्रभर) जे बघत होते त्याच्यापुढे हे काय! हृदय म्हणजे शेवटी स्नायूच. आयुष्यभर न थांबता काम केलेला स्नायू, धागा आवळलेला, आत चरबी कमी. बारीक दळून कितीही शिजवा, लगदा होत नाही, रवाळ राहतो. शिवाय कसायाकडे स्वस्त. खाली असतो तो केगेलचा हॉट डॉग. ही फ्लिंटचीच कंपनी, १९१६ ची. नैसर्गिक आतड्याच्या आवरणातला, तव्यावर सावकाश भाजलेला. दात लावला की "टच" आवाज यायला हवा. तो आला नाही तर मी पुढे खात नाही.

आणि फ्लिंट म्हणजे गाड्यांचे कारखाने. जनरल मोटर्स १९०८ साली इथेच स्थापन झाली. तीन पाळ्या, जेवायला अर्धा तास, हात ग्रीसने काळे. (ग्रीस देश नव्हे, दुसरं.) एका हातात मावणारं, पोटभरीचं, मध्यरात्रीही मिळणारं काहीतरी हवं होतं. डेव्हिसन रोडवर १९४९ पासून एंजेलोज नावाचं कोनीचं हॉटेल होतं. मी तिथे असंख्य पहाटे काढल्या. एका स्टुलावर डॉक्टर, शेजारच्यावर ब्यूकचा वेल्डर, पलीकडे नाचून दमलेली कॉलेजची पोरं, आणि सगळ्यांची ऑर्डर एकच: "दोन, सगळं घालून." जून १९९९ मध्ये ब्यूक सिटी, म्हणजे ब्यूक गाड्यांचा इथला कारखाना, बंद झाला, त्या आठवड्यात काउंटर भरलेला असायचा आणि कोणी बोलत नसायचं. वेट्रेस न विचारता कॉफी ओतत राहायची. एंजेलोजही २०१८ मध्ये बंद झालं. मी तेव्हा कोनी खायला गेले नाही, मुद्दामच. रांग रस्त्यापर्यंत आली होती म्हणे.

चिली डॉगबद्दल: नाही, एकच नाही. चिली म्हणजे मिरचीपूड घातलेला मांसाचा दाट रस्सा, तो स्वतंत्र खायचा पदार्थ आहे. वाडग्यात घ्या, चमच्याने खा, मांसाचे तुकडे दिसतात, उत्तरेकडे घेवडाही असतो. तोच हॉट डॉगवर ओतला की चिली डॉग. कोनीचा सॉस वाडग्यात कोणी खात नाही. तो हॉट डॉगसाठीच जन्मला. घेवडा नाही, तुकडे नाहीत, दाताला लागेल असं काही नाही, कारण दाताला लागायचा मान आवरणाचा.

आणि अमेरिकन की ग्रीक? ग्रीसमध्ये असा पदार्थ नाही. जर्मनांचं सॉसेज, ग्रीकांचा किंवा मॅसेडोनियनांचा हात, टेक्सासची मिरचीपूड, नाव ब्रुकलिनचं, गिऱ्हाईक पोलंड नाहीतर मिसिसिपीहून आलेलं. आता डेट्रॉइटच्या आसपासच्या बऱ्याच कोनींचे मालक अल्बेनियन आहेत. आणखी किती अमेरिकन हवं?

प्रॉव्हिडन्सची_मावशी

रात्रपाळी ताई, फार आवडलं. नवख्याच्या गोंधळात माझी थोडी भर. आमच्या र्‍होड आयलंडमध्ये याच वस्तूला "न्यू यॉर्क सिस्टिम" म्हणतात! न्यू यॉर्कमध्ये विचारलंत तर लोकांना वाटतं सबवेबद्दल बोलताय.

आणि इथे हॉट डॉग म्हणायचं नाही. हॉट वीनर. म्हणालात तरी देतात, पण एक नजर टाकतात. आकाराने लहान. लांब माळेतून कापलेले असतात, म्हणून टोकं गोल नसून सपाट. पाव वाफवलेला. "ऑल द वे" म्हटलं की मस्टर्ड, खिम्याचा सॉस, कांदा आणि वर सेलरी सॉल्ट. ही शेवटची चिमूट विसरली तर सगळं फुकट. एकाने कोणाचं भागत नाही, तीन तरी मागवतात. सोबत कॉफी मिल्क, म्हणजे कॉफीचं गोड सिरप घातलेलं गार दूध. १९९३ पासून ते राज्याचं अधिकृत पेय आहे, हसू नका.

मी नवीन होते तेव्हा सगळ्यात भारी काय वाटलं, तर वाढणं. गडी डाव्या हातावर, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत, पाव ओळीने मांडायचा आणि उजव्या हाताने एकेक फेरी: आधी वीनर, मग मस्टर्ड, मग सॉस, मग कांदा. दहा पाव एका दंडावर. याला "अप द आर्म" म्हणतात. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं आणि फक्त कॉफी मिल्क घेतलं.

ऑल्नीव्हिलच्या न्यू यॉर्क सिस्टिमला २०१४ साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा "अमेरिकाज क्लासिक्स" पुरस्कार मिळाला. शुभ्र टेबलक्लॉथवाल्या शेफना पुरस्कार देणारी ही संस्था. आमच्या गल्लीत दोन दिवस तीच चर्चा होती.

सिनसिनाटी_सुभाष

आमच्या गावाला सगळे विसरलेले दिसतात. किराजिएफ बंधू, मॅसेडोनियन, १९२२, एम्प्रेस थिएटरला लागून. त्यांनी खिम्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस घातलं आणि तो स्पॅगेटीवरही ओतला. पण चीज कोनी खाल्ल्याशिवाय बोलू नका. लहानसा हॉट डॉग, चिली, मस्टर्ड, कांदा आणि त्यावर किसलेल्या चेडरचा असा डोंगर की खालचं काही दिसत नाही. चीज गरम नसतं, हे लक्षात ठेवा. वर गार, खाली गरम, तीच मजा.

रात्रपाळी

सुभाषराव, तुमच्या गावाला विसरले नव्हते, टाळत होते. खाल्लंय मी. दालचिनी मान्य. पण कांद्यावर चीज घातलं की कांद्याचा करकरीतपणा जातो, आणि ज्या सॉससाठी आपण आलो तोच दिसेनासा होतो. हे माझं मत. तुमच्या गावात मी ते मोठ्याने बोलणार नाही.

ब्रुकलिनचा_बंड्या

बरं, हरलो. पण एक सांगा ताई. हे इतकं भारी आहे, तर बर्गर-पिझ्झासारखं देशभर का नाही पसरलं? आणि मी बीफ खात नाही, माझं काय?

रात्रपाळी

देशभर पसरला तो चिली डॉग. डब्यातला सॉस, मऊ आवरणाचा हॉट डॉग, स्टेडियममध्ये आणि गाडीतून ऑर्डर देतात तिथे मिळणारा. कोनी पसरली नाही याचं कारण मला धंद्यातच दिसतं. सॉस दुकानात मोठ्या पातेल्यात शिजतो आणि कृती मालकाच्या डोक्यात. पुतण्या दहा वर्षं कांदा चिरतो, मग त्याला कृती कळते, मग तो दहा मैलांवर स्वतःचं दुकान टाकतो. अशाने एक शहर भरतं, देश नाही. ह्यूस्टनमध्ये १९२३ पासून आहे, टल्सात १९२६ पासून, पण दर ठिकाणी नातेवाईक वेगळे आणि चव वेगळी. आता डेट्रॉइटचे लोक पेटीत घालून पोस्टाने पाठवतात, लास व्हेगासच्या कसिनोतही एक दुकान आहे. मी तो पोस्टाचा माल मागवत नाही. पाव घरी तसा वाफवला जात नाही.

बीफचं विचारलंस तर सरळ सांगते: सॉस जवळजवळ सगळीकडे बीफचाच, आणि हॉट डॉगमध्येही बहुधा बीफ आणि पोर्क दोन्ही. "थोडं काढून द्या" असं होत नाही. वॉशिंग्टनला गेलास तर यू स्ट्रीटवर बेन्स चिली बोल आहे, १९५८ पासून. बेन अली त्रिनिदादहून आलेले, बायको व्हर्जिनिया. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर तो रस्ता पेटला होता तेव्हाही ते दुकान उघडं होतं. त्यांचं नाव आहे ते हाफ-स्मोक सॉसेज आणि चिलीसाठी, पण तिथे शाकाहारी चिलीही मिळते. ती कोनी नव्हे, पण तुला निदान त्या स्टुलावर बसता येईल.

नाहीतर घरी टर्कीच्या खिम्याचा कर. एकच गोष्ट पाळ. खिमा तेलावर परतायचा नाही! आपला हात लगेच फोडणीकडे जातो, तो आवर. कच्चा खिमा गार पाण्यात घालायचा, हाताने कुस्करून पाणी गढूळ करायचं आणि मग गॅस लावायचा. असं केलं की गठ्ठे होत नाहीत, वाळूसारखी बारीक कणी पडते. मग कांदा, मिरचीपूड, जिरेपूड, पॅप्रिका, थोडी टोमॅटो पेस्ट, आणि मंद आचेवर दोन-तीन तास. इंटरनेटवर फ्लिंटच्या नावाने एक कृती फिरते, तीत हॉट डॉगच दळून खिम्यात घालायला सांगतात. मी २००१ साली पाहुणे येणार म्हणून ती केली. पाहुणे सभ्य होते. कुत्रं सभ्य नव्हतं, त्याने हुंगून सोडून दिलं.

नोव्हीचा_नवखा

सगळ्यांचे आभार. शनिवारी डेट्रॉइटला जाऊन आलो. लाफायेट बुलेव्हार्डवर दोन्ही दुकानं खरंच खेटून आहेत. अमेरिकनमध्ये लाल-पांढरा-निळा झगमगाट, लाफायेट अरुंद आणि साधं. आधी अमेरिकनमध्ये एक, बाहेर पडून सात पावलं चाललो, लाफायेटमध्ये दोन, सोबत व्हर्नर्सचं जिंजर एल. वेटरने काही लिहून घेतलं नाही, नुसता आत ओरडला, आणि मी रुमाल मांडीवर ठेवेपर्यंत ताटल्या समोर. ताई, "टच" आवाज आला. दोन्हीकडे. शर्टावर रस्साही सांडला, एकीकडेच.

आज साहेबांनी विचारलं, कुठलं आवडलं? मी बेसावधपणे लाफायेट म्हणालो. ते जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, त्यांचे आजोबा १९३० च्या दशकापासून अमेरिकनमध्येच खायचे, वडीलही, आणि त्यांच्या घरातलं कोणी त्या दुसऱ्या दारातून कधी आत गेलेलं नाही. माझं अप्रेझल मार्चमध्ये आहे.

रात्रपाळी

पुढच्या शनिवारी फ्लिंटला ये. साहेबांनाही आण. दोघांनाही कोरडा सॉस खायला घालते, म्हणजे शर्टाचा आणि भांडणाचा प्रश्न मिटेल.